हिवराखालची दुपार

मेंढी शिंकते. शहरातल्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. पण मेंढी खरंच शिंकते. सर्दी झालेल्या आजोबांसारखी मान खाली घालते, फुर्रर्र करते, आणि एकीनं सुरुवात केली की बाकीच्याही तिच्या पाठोपाठ शिंकायला लागतात. माझ्या नोकरीची शेवटची वर्षं उमरेड-भिवापूरच्या बाजूला गेली. त्या वर्षांतलं मला काय आठवतं असं कुणी विचारलं, तर आधी हा आवाज आठवतो.

गाय दुखलं-खुपलं की हंबरते. बकरी तर ओरडून गाव गोळा करते. मेंढी आजार लपवते. ती कळपाच्या मधोमध उभी राहते, इतरांसारखं गवतात तोंड घालते, फक्त चावत नाही. तिचं दुखणं ओळखायचं तर लेंडीचा रंग पाहायचा, लोकर हातानं चाचपायची आणि कळप चालताना सगळ्यात मागे कोण राहतं ते बघत बसायचं. हे बघत बसणं म्हणजेच आमचं निम्मं काम.

मी पशुवैद्यक. नागपुरात लकडगंजच्या मागच्या वस्तीत आमचं घर. वडिलांचा हातमाग होता आणि घरातल्या बायका कांड्या भरायच्या. मी डॉक्टर होणार म्हटल्यावर सगळ्यांना आनंद झाला. कुणाची डॉक्टर ते कळल्यावर आई बरेच दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. कॉलेजात पहिल्यांदा मेंढीचं पोट उघडलं तेव्हा आत एक जंत सापडला. लाल आणि पांढऱ्या सुताला एकत्र पीळ घालावा तसा. लाल म्हणजे त्यानं प्यालेलं रक्त, आणि त्याभोवती गुंडाळलेल्या पांढऱ्या नळ्या म्हणजे मादीची अंड्यांची पिशवी. बाजूची मुलं तोंड फिरवून उभी होती. मला मात्र किळस यायच्या आधी बाबांचा काठाचा पीळ आठवला, आणि हे काम आपल्याला जमेल असं वाटलं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची भेटली. नागपुरात असताना महाल भागातले एक निवृत्त हेडक्लार्क होते. आवारातलं गवत कापायला माणूस मिळत नाही म्हणून त्यांनी दोन मेंढ्या आणल्या होत्या, आणि त्या मेंढ्यांना ते 'अहो' म्हणायचे. "यांना पथ्य काय, डॉक्टर?" असं हात जोडून विचारायचे. मी पाला कमी द्या म्हटलं की मेंढ्यांकडे वळून, "ऐकलंत ना?" म्हणायचे. अशा आठवणी पुष्कळ आहेत आणि त्या सांगताना लोक हसतात. पण आज लिहायला बसले तर हसण्यासारखं काही समोर येत नाही. समोर येतं ते एक हिवराचं झाड, आणि त्याच्याखाली डोळ्यावर पदर धरून बसलेली पार्बताबाई.

फाल्गुन होता. त्या भागात तेव्हा मिरचीचे सातरे लागतात. उघड्यावर मिरची पसरलेली, तिच्याभोवती बसून बाया देठं तोडतात, आणि कळमन्याच्या बाजाराकडे जाणाऱ्या गाड्या भरत असतात. वारा सुटला की अख्खं गाव खोकतं. दवाखान्यात आम्हीही नाकाला रुमाल बांधूनच बसायचो. अशा एका सकाळी गुलाब नावाचा माणूस मोटरसायकलवर आला. चाळिशीचा असेल. ट्रॅक्टर चालवायचा. त्याच्या घरी वीसेक मेंढ्या होत्या, पण त्या त्याच्या भावाच्या.

"मॅडम, मेंढ्या शिंकून राहिल्या," तो म्हणाला.

"सातऱ्याजवळ चारता का?"

"नाही जी. सातरा इकडं, आमच्या मेंढ्या नाल्याच्या पलीकडं. मिरचीचं नाही हे." मग त्यानं माझा परिचर दामू कुठे आहे ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ते जागाच बराबर नाही, मॅडम."

त्यानं सांगितलं ते असं. त्याचा मोठा भाऊ महादेव दिवाळी झाल्यावर गेला. मेंढ्या घेऊन नाल्यापलीकडच्या पडीत जमिनीवर गेला होता. दुपारची भाकर खाऊन हिवराखाली आडवा झाला तो उठलाच नाही. संध्याकाळ व्हायला आली तरी घरी आला नाही म्हणून गुलाब शोधायला गेला, तेव्हा सगळ्या मेंढ्या महादेवाभोवती गोल करून उभ्या होत्या. तोंडं आत, नाकं मातीत खुपसलेली. एकही चरत नव्हती.

"आन आता पुन्हा तसंच करून राहिल्या," गुलाब म्हणाला. "ऊन डोक्यावर आलं का तथीच जाते. गोल करते, नाक मातीत घालते, हालत नाही. मंग एकाएकी अशा पळत सुटते का जसं मधातून कोणी उठून उभं रायलं. मी म्हणतो, विकून टाकू. खाटीक तयार हाय. पण वैनी आयकत नाही."

मला ऐकतानाच कारण कळलं होतं. पुस्तकातलं सरळ प्रकरण होतं. मी म्हटलं, "उद्या दुपारी येते."

"सकायीच या ना मॅडम. दुपारी तथी कोणी जात नाही."

मी दुपारीच गेले, कारण मला जे पाहायचं होतं ते सकाळी दिसणार नव्हतं. नाल्यापर्यंत स्कूटर गेली. दामू म्हणाला, मी गाडीजवळ थांबतो, इथं गाड्या चोरीला जातात. नाल्याच्या अलीकडे एक माणूस दिसत नव्हतं. मी पिशवी उचलली आणि नाला ओलांडला.

तिथली शांतता मला अजून आठवते. नाल्याच्या अलीकडे वारा होता, पलीकडे नव्हता. हिवराची सावली तेवढीशीच, झाडाच्या बुंध्याला चिकटलेली, आणि तिच्या कडेला उघड्या धुळीत त्या मेंढ्या. गुलाबनं सांगितलं होतं तशाच. डोकी आत, पाठी बाहेर, नाकं मातीत. रवंथ नाही, आवाज नाही. कळपाचा कुत्रा बराच दूर, उन्हात बसला होता. सावलीकडे तोंड करून, पण जवळ येत नव्हता. कितीतरी वेळ काहीच घडलं नाही. मग एका मेंढीनं पुढचा पाय आपटला. मग दुसरीनं. मग सगळ्यांनी. आणि एका क्षणात गोल फुटला, मेंढ्या चारी दिशांना उधळल्या आणि मधली धूळ तेवढी उभी राहिली, माणसाच्या उंचीची.

मला कारण माहीत होतं. तरीही अंगावर काटा आला.

कारण म्हणजे एक माशी. मधमाशीएवढी, करड्या रंगाची. ती चावत नाही. तिला खायला तोंडसुद्धा नसतं. ती मेंढीच्या नाकासमोर क्षणभर थांबते आणि उडता उडता जिवंत, डोळ्याला जेमतेम दिसतील अशा अळ्या नाकपुडीवर फवारते. त्या अळ्या नाकातून वर चढतात, कपाळाच्या हाडामागच्या पोकळीत जाऊन बसतात आणि तिथं वाढतात. मेंढी लांडग्याला भीत नसेल इतकी या माशीला भिते. म्हणून नाक मातीत नाहीतर एकमेकींच्या लोकरीत लपवते. अळी पुरती वाढली की मेंढी तिला शिंकून बाहेर टाकते. ती मातीत शिरते, कोष करते आणि पुढं कधीतरी माशी होऊन वर येते. आता मेंढ्या शिंकतात कुठं? रोज दुपारी जिथं उभ्या राहतात तिथंच. म्हणजे ती जागा झपाटलेली होती, हे काही खोटं नव्हतं. दिवाळीनंतर मातीत गेलेलं फाल्गुनात मातीतून वर येत होतं.

पार्बताबाई बुंध्याला टेकून बसली होती. महादेवाची बायको, पन्नाशी ओलांडलेली, काटक. डाव्या डोळ्यावर पदर धरलेला. मेंढ्या उधळल्या तरी ती उठली नव्हती.

"बसा डॉक्टरीणबाई," ती म्हणाली. "आता येते त्या. थोड्या वेळानं येतेच."

आल्याही. मी दामूला हाका मारमारून बोलावलं आणि आम्ही एकेका मेंढीला गुडघ्यात धरून कातडीखाली सुई दिली. पार्बताबाई मेंढी अशी धरायची की ती धडपडायचीच नाही. एक लंगडी मेंढी पाय दुखतो म्हणून घरी बांधली होती, तेवढी राहिली. काम करताना पार्बताबाईचा पदर सुटला आणि मला डोळा दिसला. लालभडक, सुजलेला, एकसारखा गळत होता.

"काय झालं वं डोळ्याला?"

"काही नाही."

"मिरची लागली असन," दामू म्हणाला.

"मिरची नाही ते." तिनं हातातली मेंढी सोडून दिली. "याच्यात कोणीतरी फिरते, बाई. इकडून तिकडं चालते. मी डोया मिटला का जास्त चालते."

मी तिला सावलीत बसवलं, मोबाइलचा टॉर्च लावला आणि पापणी उलटली. काहीच नाही. नुसती लाली.

"उजेड लावला का लपते," पार्बताबाई शांतपणे म्हणाली.

हे ऐकून मी टॉर्च बंद केला. तिचाच पदर तिच्या आणि माझ्या डोक्यावरून ओढून घेतला आणि त्या लुगड्याच्या अंधारात, तिचा श्वास माझ्या गालावर येत असताना, मी वाट पाहिली. खालच्या पापणीच्या कडेनं काहीतरी पांढरं बाहेर आलं. तिळाच्या टोकाहून लहान. डोळ्याच्या पांढऱ्यावरून सरकत गेलं, बुबुळाच्या काठाशी थांबलं. जणू मलाच पाहतंय. मग वळलं आणि वरच्या पापणीखाली गेलं. त्याच्यामागून दुसरं आलं. आयुष्यभर जंत बघितले होते मी, हातानं काढले होते. पण ते मेलेल्या जनावरांत, नाहीतर शेणात. बघणाऱ्या माणसाच्या डोळ्यात कधी बघितले नव्हते. 

"दिसलं?" तिनं विचारलं.

"दिसलं."

"मंग मी येडी नाही ना?"

या प्रश्नाचा अर्थ मला गुलाब आल्यावर कळला. त्यानं मला बाजूला नेलं. वैनी गेले काही दिवस दुपारी हिवराखाली एकटीच बोलत बसते, डोळ्यात माणूस आहे म्हणते, असं गावभर झालं होतं. परवाच्या अमावस्येला नदीपलीकडचा एक देवऋषी येणार होता. डोळ्यातून काढून देतो म्हणाला होता. कसं, तर तोंडावर घोंगडं टाकून खाली मिरचीची धुरी.

मी त्या डोळ्याचा विचार केला आणि माझे स्वतःचे डोळे झोंबले. बुबुळाला ओरखडे पडलेले असणार. वर तो धूर गेला तर ती नजर परत येईल याची खात्री कुणी दिली नसती.

"गुलाब, मेंढीच्या नाकात जी अळी आहे ना, तीच आहे ती. माशीनं चुकून हिच्या डोळ्यात टाकली. दिवसभर मेंढ्यांत असते म्हणून पुन्हा पुन्हा टाकली. नागपूरला नेऊन काढावी लागते."

"मेंढीच्या नाकातलं माणसाच्या डोयात? मॅडम, तुमीबी ना..." तो हसला नाही. त्याच्या तोंडावर भीती होती. "मी ट्रॅक्टरवाला माणूस, माहा विश्वास नाही असल्या गोष्टीवर. पण भाऊ तथीच गेला. आन वैनीनं मले लहानाचं मोठं केलं. तिले काही झालं तं मी काय करू? डॉक्टरनं नाही काढलं तं?"

त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी डोळ्याला कुणी हात लावू नका एवढं सांगून परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचाच फोन आला. कळपातली सगळ्यात म्हातारी मेंढी मेली. ती आधीपासून खंगलेली होती, नाक चोंदून खाणं सुटलं होतं. सुईनं वाचण्यापलीकडे गेली होती. मला तिचं वाईट वाटलं, पण मी करवत बरोबर घेतली. गुलाबच्या आंगणात, कडुनिंबाखाली, तिचं डोकं मधोमध कापलं. माणसं जमली होती. मी गुलाबला जवळ बसवलं आणि कपाळाचं हाड उघडलं.

आत अळ्या होत्या. अर्ध्या बोटाएवढ्या, जाड, पिवळट, पाठीवर काळे पट्टे. औषधानं सुस्तावलेल्या, पण जिवंत. ऊन लागलं तशा सगळ्या एकदम हलल्या आणि हाडाच्या आतल्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे सरकायला लागल्या. जमलेल्यांतल्या बायांनी तोंडावर पदर घेतले. 

"या मोठ्या," मी म्हटलं. "वैनीच्या डोयात यांची पिल्लं हाय. त्यांनाही उजेड नको असतो."

गुलाब बराच वेळ बघत राहिला. मग उठला, भिंतीशी जाऊन ओकला, चूळ भरली आणि खिशातून मोबाइल काढला. "येऊ नका म्हाराज," तो फोनवर म्हणाला. "नाही नाही, तसं काही नाही. वैनीले नागपूरले नेऊन राहिलो." पलीकडून बरंच काही बोलणं झालं असावं. तो ऐकत उभा होता आणि नजर त्या कापलेल्या डोक्यावर होती. शेवटी म्हणाला, "ते माह्यावर येऊ द्या," आणि फोन ठेवला. त्या दिवशी त्या माणसानं जे धाडस केलं ते मला आजही मोठं वाटतं. मला माशी माहीत होती. त्याला माझ्या शब्दाशिवाय काही माहीत नव्हतं.

अमावस्येच्या सकाळी मी आणि पार्बताबाई एसटीत बसलो. मेंढ्या सोडून दोघांनी येणं शक्य नव्हतं, म्हणून गुलाब मागे राहिला. ती खिडकीशी, डोळ्यावर ओला रुमाल. गाव मागे पडल्यावर ती आपण होऊन बोलायला लागली.

"बाई, तुमी म्हणता माशी. असन माशी. पण मले कसं झालं सांगू? मी हिवराखाली बसली होती. एकाएकी डोयावर फुंकर आली. कोणी तोंड जवळ आणून मारते ना, तशी. माह्या डोयात कचरा गेला का माहा बुढा अशीच मारे. पापणी अशी वर करून. चाळीस वर्षात दुसऱ्या कोणाले मी डोयाला हात नाही लावू देल्ला."

 ती माशी अळ्या टाकते तेव्हा डोळ्यावर काहीतरी उडाल्यासारखं, फुंकल्यासारखं वाटतं, हे मी नंतर वाचलं. तेव्हा माहीत नव्हतं.

"त्या दिवसापासून तो दिसते," ती म्हणाली. "दुपारी. पांढरा, पाण्यातून दिसावा तसा. मेंढ्यायच्या मधात उभा राहते. बोलत नाही. ज्या मेंढीजवळ उभा राहते ना, ते मेंढी खाणं सोडते. म्हातारीजवळ उभा होता. मले समजलं होतं का ते जाते."

"आणि आता?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"आता घरीच दिसला. काल. लंगडीजवळ."

मी खिडकीबाहेर बघायचा प्रयत्न केला. मग मोबाइल काढला आणि गुलाबला लावला. एसटीच्या आवाजात मला ओरडून बोलावं लागलं. "लंगडी मेंढी कशी आहे?"

"ठीक हाय ना मॅडम. चारा टाकला सकायी. काहून?"

"तिला धर. डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढ आणि आतला रंग सांग."

मेंढीच्या पापणीची आतली बाजू लाल हवी, निदान चांगली गुलाबी. पोटातले रक्त पिणारे जंत वाढले की ती फिकी पडत जाते. मेंढी चालत-फिरत असते, गवतात तोंड घालत असते, आणि आत रक्त संपत आलेलं असतं. फोनमध्ये धडपड ऐकू आली, मेंढीचं बें आलं.

"मॅडम," गुलाब म्हणाला. "पांढरी हाय. कागदासारखी. आन गळ्याखाली पाण्याची पिशवी लोंबून राहिली. सकायी तं काही नव्हतं दिसलं मले." मग थांबून म्हणाला, "तुमाले कसं समजलं?"

मी फोन ठेवला. दामूला फोन लावला, कपाटातली कुठली बाटली घेऊन जायची आणि किती पाजायचं ते सांगितलं. घाईत घशात ओतू नको, फुप्फुसात जातं, जिभेवरून हळूहळू पाज, हेही सांगितलं. मोबाइल पर्समध्ये ठेवून पाहिलं तर पार्बताबाई डोळे मिटून बसली होती आणि रुमालाखालून पाणी गळत होतं. रडत होती की नुसता डोळा गळत होता, ते कळायला मार्ग नव्हता.

तिला जे दिसत होतं त्याचा मी माझ्यापुरता हिशेब लावला. डोळ्यावरून पांढरं काहीतरी सरकतंय, नजर पाण्यानं धूसर झालेली, मनात नवरा. त्यात ती जन्मभर मेंढ्यांत राहिलेली. कुठली मेंढी खालावतेय हे तिला आतून कळत असणार, फक्त ते कळणं तिला नवऱ्याच्या रूपात दिसत असणार. हे सगळं पटण्यासारखं आहे. मी ते कितीदा स्वतःला सांगितलं आहे. पण उमरेडपासून नागपूरपर्यंत मी तिच्या शेजारी बसले आणि दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले, हेही खरं.

मोठ्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. मी काय पाहिलं ते सांगितल्यावर तिनं अविश्वास दाखवला नाही. "अभ्यासात होतं आम्हाला, पण पाहिलं नाही कधी," म्हणाली आणि बाह्या सावरून बसली. डोळा बधिर करणारे थेंब टाकले, दिवा मंद केला आणि बारीक चिमट्यानं एकेक अळी काढली. शेवटची वरच्या पापणीत अगदी आत दडली होती. ती निघायला फार वेळ लागला. पार्बताबाई हलली नाही. तिनं फक्त माझा हात धरला होता.

बुबुळावर ओरखडे होते, पण खोल नव्हते. नजर वाचली होती. डॉक्टरणीनं एक अळी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि कौतुकानं म्हणाली, "बघायची का, आजी?"

पार्बताबाईनं उजवा डोळा लावून पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. तोंडाजवळ दोन आकडे असलेला, काट्याकाट्यांचा तो जीव तिथं वळवळत असणार.

"याले तं नुसतं तोंडच हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, डॉक्टरणीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "बाई, माह्या बुढ्याचं याच्यात काहीच नाही का?"

"नाही," मी म्हटलं.

दुसरं काय म्हणणार होते? पण तो शब्द तोंडातून गेल्यावर तिनं माझा हात सोडला. रागानं नाही. काम झाल्यावर सोडतात तसा.

लंगडी वाचली. मेंढ्यांनी पुढचे काही दिवस मेलेल्या अळ्या शिंकून टाकल्या, आणि गुलाबनं त्या जाळल्या. मी सांगितलं म्हणून हिवराखालची माती खणून उलटली आणि काही महिने कळप दुसरीकडे चारला. पुन्हा माशीचा दिवस आलाच तर घालायला त्यानं वैनीसाठी बाजारातून काळा गॉगल आणला. लुगडं, कानात बुगड्या आणि तो गॉगल घालून पार्बताबाई मेंढ्यांमागे जाताना दिसायची, तेव्हा सातऱ्यावरच्या बाया हसायच्या. तीही हसायची.

पावसाळा संपता संपता, मी निवृत्त व्हायच्या थोडं आधी, तिनं मला निरोप पाठवला. मेंढ्या चांगल्या होत्या. तिला वेगळंच हवं होतं.

"मले शिकवा," ती म्हणाली. "पापणी पाह्याचं."

मग आम्ही त्यांच्या आंगणात बसलो. मी एक मेंढी धरून दाखवलं: वरची पापणी अंगठ्यानं हलकेच दाबायची, खालची ओढायची, आणि लगेच, ऊन लागायच्या आत, रंग बघायचा. तिचा हात माझ्याहून हलका होता. दोन-चार मेंढ्या झाल्यावर मी न राहवून विचारलं.

"बुढा दिसतो का वं अजून?"

तिनं हातातली मेंढी सोडली नाही. "नाही. डोया साफ झाला ना. हिवराखालीबी जाऊन बसली होती मी, गॉगल काढून. मेंढ्या उभ्या होत्या, ऊन होतं. दुपार आता नुसती दुपारसारखीच दिसते, बाई." मग म्हणाली, "तो सांगे तवा मले समजे कोण पडणार हाय ते. आता कोण सांगन? म्हणून तुमाले बलावलं."

 आमच्या धंद्यात बरं केल्यावर माणसं आभार मानतात, कोंबडी आणून देतात, नाहीतर विसरून जातात. तिनं यातलं काही केलं नाही. तिनं पुढची मेंढी ओढली, गुडघ्यात धरली, पापणी उलटली आणि मान तिरकी करून दोन्ही डोळ्यांनी पाहिलं.

"हे पाहा बरं," ती म्हणाली. "लाल म्हणू का पांढरी?"

मी वाकून पाहिलं. "मधातली आहे."

"मंग?"

"मंग द्यायचं औषध," मी म्हटलं, आणि तिनं मेंढीचं तोंड वर केलं.